महारेराच्या संकेतस्थळाचे परीक्षण : इमारतीचा हिशेब लागतो, वस्तीचा लागत नाही

बदलापूर, विरार, तळोजा, वाघोली किंवा मोशी यांसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या बाह्य उपनगरांत पहिले घर घेऊ पाहणाऱ्या तरुण जोडप्याला कोणीही जाणकार एकच सल्ला आधी देतो : ‘महारेरावर बघून घ्या.’ महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे हे संकेतस्थळ २०१७ पासून सुरू आहे, ते सर्वांना विनामूल्य पाहता येते, आणि प्रकल्प शोधण्यासाठी खाते उघडावे लागत नाही. या सेवेची कायदेशीर बाजू बरीच चर्चिली गेली आहे. इथे तिचे परीक्षण थोड्या वेगळ्या अंगाने करायचे आहे. लहान मूल असलेले किंवा लवकरच होणार असलेले कुटुंब जेव्हा शहराच्या टोकाला घर घेते, तेव्हा ते फक्त चार भिंती घेत नाही. पुढच्या वीस वर्षांची शाळा, पाणी, लोकल आणि शेजार त्याच व्यवहारात घेत असते. या दृष्टीने पाहिले तर मी या संकेतस्थळाला इमारतीच्या माहितीसाठी दहापैकी आठ आणि वस्तीच्या माहितीसाठी तीन गुण देईन. दुसरा आकडा वाढवण्यासाठी लागणारी सामग्री त्यांच्याच कपाटात पडून आहे, ही माझी मुख्य तक्रार.

आधी आठ गुणांविषयी. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि त्यातील उरलेली, म्हणजे खरी दात असलेली कलमे १ मे २०१७ रोजी अमलात आली. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील आणि आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी केल्याशिवाय जाहिरात आणि विक्री करता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग त्या प्रकल्पाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवावा लागतो आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांनी कामाची प्रगती प्रमाणित केल्यावरच तो काढता येतो. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पूर्वी बाह्य उपनगरांत पैसा एका प्रकल्पाचा आणि त्यातून जमीन दुसऱ्याच प्रकल्पाची, असा प्रकार सर्रास चाले. ज्या कुटुंबाची सगळी शिल्लक पहिल्याच हप्त्यात जाते, त्याच्यासाठी या तीन तरतुदी अत्यंत मोलाच्या आहेत, आणि संकेतस्थळ हे त्या तरतुदींचे दर्शनी दालन आहे.

प्रकल्पाचे पान उघडल्यावर जे दिसते ते खरोखर समाधान देणारे आहे. विकासकाची आधीची कामे, जमिनीवरचे दावे व बोजे, मालकी हक्काबाबत वकिलाचा अहवाल, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, करारनाम्याचा नमुना आणि प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख, हे सारे एका ठिकाणी असते. तारीख पुढे ढकलली असेल तर मूळ आणि सुधारित अशा दोन्ही तारखा पाहता येतात, आणि माझ्या मते संपूर्ण पानावरची सर्वांत बोलकी माहिती हीच असते. सदनिकेचे क्षेत्रफळ कार्पेट एरियातच सांगावे लागते. त्यात आतल्या भिंती धरल्या जातात, पण बाहेरच्या भिंती, वाहिन्यांचे चर आणि त्या घरापुरती असलेली बाल्कनी धरली जात नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाल्यामुळे स्टेशनबाहेरच्या फलकावरून थेट या पानावर येता येते. २०२४ मध्ये संकेतस्थळासाठी महाक्रिटी ही नवी संगणक प्रणाली आली. जुन्या नोंदणी क्रमांकांची एक सोय मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे : पी-५१७ ने सुरू होणारा क्रमांक ठाणे जिल्ह्याचा, पी-५२० रायगडचा आणि पी-५२१ पुण्याचा. ‘ठाण्याजवळ’ अशी जाहिरात असलेला प्रकल्प प्रत्यक्षात कोणत्या जिल्ह्यात आहे, हे एवढ्यावरून कळते.

या पानावर आणखी एक तक्ता असतो, आणि घर घेणारे तो सहसा ओलांडून पुढे जातात. कोणत्या इमारतीत कोणत्या प्रकारच्या किती सदनिका आहेत, प्रत्येकीचे क्षेत्रफळ किती आणि त्यांपैकी किती सदनिकांची ग्राहकांकडून नोंदणी (बुकिंग) झाली आहे, याची ही यादी आहे. आपली आवडती सदनिका शिल्लक आहे का, एवढेच पाहण्यासाठी लोक ती वाचतात. परंतु ती नीट पाहिली तर तीत उद्याच्या लोकसंख्येचा अंदाज दडलेला असतो. समजा, एका प्रकल्पात एक आणि दोन बेडरूमची मिळून १,००० घरे आहेत. घरटी चार माणसे धरली, तर ४,००० माणसे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे मानक धरले, तर रोज ५ लाख ४० हजार लिटर पाणी. नळाचे पाणी आलेच नाही, तर दहा हजार लिटरचे ५४ टँकर. दर दोन घरांमागे सहा वर्षांखालील एक मूल धरले, तर ५०० मुले, म्हणजे वयाच्या प्रत्येक वर्षाची सुमारे ८३ मुले, म्हणजे शिशुवर्गाच्या दोन पूर्ण तुकड्या, आणि त्याही दर वर्षी. हे गृहीतक कोणी कमीअधिक करील, परंतु ताबा मिळण्याच्या दोन-तीन वर्षे आधी असा हिशेब मांडता येणे ही साधी गोष्ट नाही. अशा दहा प्रकल्पांना एकाच पिनकोडात मंजुरी मिळाली असेल तर ४० हजार माणसे येणार. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ५,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा, म्हणजे आठ शाळा हव्यात. त्या आठ शाळा कोठे आहेत, हा प्रश्न विक्री कार्यालयात विचारला, तर उत्तरादाखल दहा मिनिटांवरच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेचे माहितीपत्रक हातात पडते.

ही बेरीज ग्राहकालाच करावी लागते, हा या सेवेचा मोठा उणेपणा आहे. प्रत्येक प्रकल्पाचे पान वेगळे उघडावे, प्रत्येक तक्त्यातून घरांची संख्या उतरवून घ्यावी आणि आपल्या वहीत मांडावी. गाव, प्रभाग किंवा पिनकोडनिहाय ‘इथे पुढील तीन वर्षांत इतकी घरे तयार होणार आहेत’ असे एक ओळीचे उत्तर दिले, तर ते केवळ ग्राहकाच्या नव्हे, तर नगरपरिषदेच्या, शाळा काढणाऱ्या संस्थांच्या आणि रेल्वेच्याही उपयोगाचे ठरेल. माहिती विकासकाने आधीच भरलेली आहे. तिची बेरीज करायला नवा कायदा लागत नाही.

ही मागणी आज का निकडीची आहे, हे समजण्यासाठी लोकसंख्येच्या अधिकृत आकड्यांची अवस्था पाहावी लागते. आपल्याकडे वापरात असलेली शेवटची जनगणना २०११ ची आहे. तिने बाह्य उपनगरांचे चित्र फार स्पष्टपणे मांडले होते : २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांहून अधिक घटली, मुंबई उपनगर जिल्ह्याची सुमारे ८ टक्के वाढली आणि ठाणे जिल्ह्याची, ज्यात तेव्हा पालघरही होते, ३६ टक्के वाढली. १ कोटी १० लाखांच्या घरात लोकसंख्या असलेला ठाणे हा तेव्हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या सुमारे ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजार २२६ झाली, म्हणजे दहा वर्षांत जवळपास ७८ टक्के वाढ. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये झाली नाही. आता ठरलेल्या वेळापत्रकानुसार घरयादीचा टप्पा २०२६ मध्ये आहे आणि लोकसंख्या मोजणीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. मधल्या सोळा वर्षांत पूर्व-पश्चिम बदलापूर, शिरगाव, कात्रप, हेंद्रेपाडा या भागांत जे टॉवर उभे राहिले, त्यांतले एकही कुटुंब तिथल्या रहिवाशांच्या जनगणनेत मोजले गेलेले नाही.

जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात प्रभागनिहाय शून्य ते सहा वयोगटातील मुलांचा स्वतंत्र स्तंभ असतो. बालवाडी, अंगणवाडी आणि लसीकरण यांच्या नियोजनासाठी याहून उपयुक्त आकडा नाही. परंतु २०११ च्या त्या स्तंभातील मुले आज दहावीच्या उंबरठ्यावर किंवा त्याच्याही पलीकडे आहेत. वाघोलीसारख्या ठिकाणी तर तुलनाही कठीण होऊन बसते, कारण २०११ मध्ये ते ग्रामपंचायतीचे गाव म्हणून मोजले गेले आणि २०२१ मध्ये अन्य गावांसह पुणे महापालिकेत आले. अशा वेळी कोणत्या भागात किती नवी घरे, किती आकाराची, कधी तयार होणार, याची सतत ताजी राहणारी नोंद जवळपास एकट्या महारेराकडे उरते. ग्राहकाच्या संरक्षणासाठी केलेले दप्तर नकळत बाह्य उपनगरांचे लोकसंख्या-दप्तर झाले आहे, आणि ते त्या नजरेने कोणी वाचत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर (एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणारी मुले) १.७ आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखण्यासाठी लागणाऱ्या २.१ पेक्षा कमी. राज्यात मुले कमी होत आहेत, मग शाळांची चिंता कशाला, असा युक्तिवाद त्यावरून केला जातो. बाह्य उपनगरांना तो लागू पडत नाही. तिथे येणारी माणसे वयाने निवडून आलेली असतात : कर्ज मिळण्याइतकी नोकरी झालेली, शहराच्या मध्यभागी घर न परवडणारी, तिशीच्या आसपासची जोडपी. घरटी मूल एकच असले तरी सगळ्यांची मुले एकाच चार-पाच वर्षांच्या काळात जन्मतात. त्यामुळे राज्याची सरासरी घसरत असतानाच त्या विशिष्ट वस्तीत शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी रांगा लागतात, दहा वर्षांनी तोच लोंढा माध्यमिक शाळेवर आणि शिकवणी वर्गांवर येतो, आणि त्यानंतर काही वर्षांनी त्याच शाळांत वर्ग भरवायला मुले शोधावी लागतात. मधल्या काळात दोन्ही बाजूंचे आजी-आजोबा राहायला येतात आणि वस्तीला पाळणाघराइतकीच दवाखान्याची व रॅम्पची गरज भासू लागते. इमारतींचा ताबा ज्या क्रमाने दिला जातो, त्याच क्रमाने ही लाट पुढे सरकते. म्हणून प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख आणि घरांचा प्रकार या दोन बाबी एकत्र मांडल्या, तर कोणत्या वर्षी कोणत्या इयत्तेवर ताण येईल, हेही बऱ्यापैकी सांगता येईल. शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा अपेक्षिली आहे. प्रकल्पाच्या पानावर ही दोन अंतरे नोंदवण्याचा रकाना का नसावा, हे मला अजून उमगलेले नाही.

पाण्याचा रकाना आहे, पण तो फसवा आहे. सामाईक सुविधांच्या यादीत अंतर्गत रस्ते, पाणीपुरवठा, मलनिःसारण, पर्जन्य जलवाहिन्या, पथदिवे, वृक्षलागवड, घनकचरा अशा बाबींपुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ आणि कामाची टक्केवारी भरलेली असते. पाणीपुरवठ्यापुढे ‘आहे’ वाचून ग्राहक निश्चिंत होतो. त्या शब्दाचा अर्थ आवारात जलवाहिनी आणि टाकी आहे, इतकाच; त्या वाहिनीत कोणते पाणी, कोठून, किती वेळ येणार, याविषयी तो काहीच सांगत नाही. बदलापूर आणि अंबरनाथमध्ये बांधकाम परवानगी नगरपरिषद देते, तर पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पुरवते. दोन यंत्रणांमधील हे अंतर ग्राहकाला पानावर दिसत नाही. पाण्याविषयीचे ना-हरकत पत्र चढवलेले असल्यास ते शेवटपर्यंत वाचावे, कारण ‘पुरवठा उपलब्धतेनुसार करण्यात येईल व तोपर्यंत विकासकाने स्वखर्चाने व्यवस्था करावी’ अशा अर्थाचे वाक्य बहुधा तळाशी असते. सोसायटी स्थापन झाली की विकासकाचा तो ‘स्वखर्च’ रहिवाशांच्या मासिक मेंटेनन्समध्ये जाऊन बसतो.

मोठ्या टाऊनशिपच्या बाबतीत संकेतस्थळाची रचनाच ग्राहकाला थोडी गोंधळात टाकते. कायद्याने प्रत्येक टप्पा हा स्वतंत्र प्रकल्प मानला जाऊन त्याची स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. बांधकामाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु माहितीपत्रकातील उद्यान, क्लब हाऊस, खेळाचे मैदान आणि शाळेचा भूखंड हे बहुधा संपूर्ण आखणीचे भाग असतात, आणि त्यांतले काही शेवटच्या टप्प्यात येतात. पहिल्या टप्प्याचे पान उघडणाऱ्याला ‘प्रकल्प पूर्ण’ असे दिसते, आणि तीन वर्षांचे मूल घेऊन राहायला आलेले कुटुंब ज्या मैदानाच्या भरवशावर आले ते मैदान तयार होईपर्यंत मुलाला मिशा फुटतात. सुविधा कोणत्या तारखेला मिळतील, याचा तपशील करारनाम्यासोबत देण्याचा आग्रह महारेराने अलीकडे धरला आहे, तसेच पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि जागा नमूद करण्यासही सांगितले आहे. ही दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु एकाच आखणीतील सर्व टप्प्यांची पाने एकमेकांना जोडून दाखवली, तर निम्मे गैरसमज करारापूर्वीच मिटतील. शाळेच्या भूखंडाबाबत आणखी एक खबरदारी : भूखंड राखीव असणे म्हणजे शाळा येणे नव्हे, आणि आलेली शाळा आपल्याला परवडणारी असेलच, असेही नव्हे.

नोंदणी क्रमांक आहे म्हणजे इमारत कायदेशीर आहे, हा समज या सेवेने निर्माण केलेला नसला तरी तिच्या नावावर पसरला आहे, आणि त्याची किंमत तरुण कुटुंबांनी मोजली आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत बनावट परवानग्या सादर करून ६५ इमारतींची महारेराकडे नोंदणी झाल्याचे उघड झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बांधकामे पाडण्याचा आदेश दिला. तिथे घरे घेतलेल्या अनेकांकडे बँकेचे कर्ज आणि नोंदणीकृत करारनामा दोन्ही होते. या प्रकारानंतर स्थानिक संस्थांकडून परवानग्यांची पडताळणी करून घेण्याची व्यवस्था महारेराने कडक केली. तरीही माझा सल्ला असा राहील की संकेतस्थळावरील प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक आणि दिनांक घेऊन नगररचना विभागात स्वतः खातरजमा करावी. कर्ज मंजूर होणे ही कायदेशीरपणाची पावती समजू नये.

प्रकल्पाच्या कुंपणापलीकडची जमीन तर या पानावर जवळजवळ अदृश्यच असते. नालासोपारा पूर्वेला २०२४-२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ज्या ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या, त्या सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर उभ्या होत्या. त्या जागेवरचे आरक्षण विकास आराखड्यात रंगवून दाखवलेले होते. आराखडा हा सार्वजनिक दस्त आहे. पण तो महापालिकेकडे, सातबारा महसूल खात्याकडे आणि प्रकल्प महारेराकडे, अशी तीन दारे सामान्य माणसाने एका सुट्टीच्या दिवसात ठोठवावीत, ही अपेक्षा अवास्तव आहे.

पूररेषेचेही तसेच. उल्हास नदीकाठी २००५ च्या पुराने केलेली हानी बदलापूरच्या जुन्या रहिवाशांना आठवते. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी लाल रेषेने दाखवतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते आणि दोन रेषांमधल्या पट्ट्यात ते अटींवरच करता येते. नदीच्या दर्शनाची जाहिरात असलेल्या प्रकल्पाचा भूखंड या दोन रेषांपैकी कोणत्या रेषेपासून किती अंतरावर आहे, हे बाहेरून आलेल्या कुटुंबाला समजण्याचा सोपा मार्ग नाही. नव्याने आलेला माणूस स्थानिक स्मृतीपासून तुटलेला असतो, आणि बाह्य उपनगरात बहुतेक सारेच नव्याने आलेले असतात. म्हणूनच तिथे ही माहिती पानावर असण्याची गरज जुन्या वस्तीपेक्षा जास्त आहे.

माहिती अद्ययावत ठेवण्याच्या बाबतीत प्राधिकरणाने बऱ्यापैकी कठोरपणा दाखवला आहे. विकासकाने दर तिमाहीला प्रगती, नोंदणी झालेली घरे आणि खर्च यांची माहिती भरायची असते. ती न भरणाऱ्या ३८८ प्रकल्पांची नोंदणी सप्टेंबर २०२३ मध्ये स्थगित करण्यात आली होती. तेव्हापासून पाने अधिक ताजी वाटतात. तक्रारीची प्रक्रिया मात्र दोन वेगळ्या अनुभवांची आहे. अर्ज करणे सोपे, सलोखा मंचाचा पर्याय उपयुक्त, आणि ताबा लांबल्यास कलम १८ प्रमाणे एकतर व्याजासह पैसे परत किंवा ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज हा हक्क स्पष्ट. व्याजाचा दर स्टेट बँकेच्या एमसीएलआरपेक्षा, म्हणजे कर्जासाठीच्या तिच्या आधारभूत व्याजदरापेक्षा, २ टक्के अधिक, म्हणजे नगण्य नव्हे. पण आदेश मिळाल्यावरची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करायची असते आणि तिथे वेळ जातो. भाडे आणि हप्ता एकाच वेळी भरणाऱ्या कुटुंबासाठी तो काळ फार मोठा असतो. तक्रार करण्याची वेळ येऊ नये म्हणून आधीच एक गोष्ट करता येते : त्याच विकासकाच्या जुन्या प्रकल्पांची पाने उघडून मूळ आणि सुधारित तारखांतले अंतर पाहावे.

या सेवेच्या कक्षेबाहेर काय राहते, तेही सांगणे भाग आहे. आठ किंवा त्याहून कमी सदनिकांच्या लहान इमारती, विशेषतः गावठाणांतल्या, नोंदणीतून सुटू शकतात, आणि बाह्य उपनगरांत तशा इमारती कमी नाहीत. कायदा लागू होण्यापूर्वीच भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारती इथे सापडणार नाहीत. भाड्याने राहणाऱ्यांचा तर उल्लेखही नाही, आणि तिथे पहिली दोन-चार वर्षे भाड्याने काढणारी तरुण कुटुंबे पुष्कळ असतात. उलट, विकल्या गेलेल्या परंतु गुंतवणूकदाराने कुलूप लावून ठेवलेल्या घरांची मोजणीही हे संकेतस्थळ करत नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती, हे लक्षात घेतले तर घरे गुणिले चार हा वर केलेला हिशेब काही ठिकाणी फुगलेला निघू शकतो. रिकाम्या घरांमुळे शाळेवरचा ताण कमी होतो, पण राहत्या कुटुंबांना थकलेल्या मेंटेनन्सचा भार उचलावा लागतो. जुने घर विकत घेणाऱ्याने म्हणून या संकेतस्थळावर फार वेळ न दवडता थेट सोसायटीच्या कार्यालयात जावे आणि भोगवटा प्रमाणपत्र, जमिनीचे सोसायटीच्या नावे झालेले अभिहस्तांतरण, मागील वर्षाचे टँकरचे एकूण बिल आणि थकबाकीदारांची संख्या, या चार गोष्टी मागाव्यात.